ऑगस्टचा उंचवटा

१६ जून २०२५, सोमवार

दिवाळी सरकते! म्हणूनच सगळा घोळ होत होता. आणि मी आठवडाभर ऑक्टोबर का नोव्हेंबर, ऑक्टोबर का नोव्हेंबर करत बसले होते. एका वर्षी दिवाळी ऑक्टोबरात, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, मग दोन्ही महिन्यांची सरासरी निम्मी-निम्मी दिसणारच. आज इंग्रजी महिने सोडले आणि दिवाळीपासून आठवडे मोजले. झालं! सुरत लाभपंचमीपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत, रिकामी होते ते आलेखात सरळ डोंगरासारखं दिसलं.

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसचे मालक महेशभाई, त्यांना दाखवलं. परदेशी सहलींचं कोणतं पॅकेज कधी उघडायचं, हे त्यांना पाहिजे आहे. "वाह गायत्रीबेन, भणेली छोकरी!" म्हणाले. शिकलेली मुलगी म्हणे. कॉलेजमधला स्टॅटिस्टिक्सचा विषय पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आला.

पद्धत सोपी आहे. वर्षभराच्या बुकिंगची सरासरी शंभर धरायची. मग कोणता महिना शंभराच्या किती वर, किती खाली. कोरोनाची वर्षं वगळली, ती धरली तर काहीच धड दिसत नाही. मे – शाळांना सुट्टी, वर. जानेवारी – खाली. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांमुळे सुरती माणूस गच्ची सोडत नाही, बँकॉकला कुठून जाणार! पितृपक्ष – जमिनीला टेकलेला.

आईला सांगितलं तर म्हणाली, "हे तं मालेबी माहित व्हतं." खरंच आहे. पण तिला कुणी पगार देत नाही.

१८ जून, बुधवार

पावसाळ्यात एक उंचवटा आहे.

गेल्या वर्षीचा जुलै-ऑगस्ट. त्याआधीच्या वर्षांत तिथे चाळीसच्या आसपास आहे. पाऊस, शाळा, श्रावण, उपास. लोक फार तर सापुताऱ्याला जाऊन मका खाऊन येतात. आणि २०२४ ला एकदम एकशे अठरा! मे महिन्याइतकी माणसं परदेशी गेली? भर पावसात?

अधिक मास असेल म्हणून पंचांग बघितलं. नव्हता. कुठला मोठा ग्रुप गेला असेल, एखाद्या मिलने माणसं नेली असतील? एखादा आकडा दोनदा टाकला गेला असेल. उद्या परत बघते.

१९ जून

दोनदा टाकलेला नाही.

२० जून, शुक्रवार

आज डबा खाताना उघडून बसले. उंचवट्यातल्या माणसांची वयं काढली. दिवाळीत सगळ्या वयाचे असतात, आजीपासून दुधपित्या बाळापर्यंत, कुटुंबंच्या कुटुंबं. इथे मध्यक तेवीस. आणि फैलाव जवळजवळ नाहीच, सगळे वीस ते सव्वीस. सगळे पुरुष. सगळे एकेकटे. सगळे बँकॉक. पत्ते – पांडेसरा, उधना, लिंबायत, दोघं-तिघं कडोदऱ्याचे. पाटील, महाजन, सोनवणे, कोळी. खान्देशातून सुरतेत आलेली आमचीच माणसं.

आमच्या गल्लीतली पोरं बँकॉकला फिरायला जातात? मिलच्या पगारात?

गंमत वाटली आधी. मग गंमत वाटेना. याच फेब्रुवारीत पुन्हा एक उंचवटा आहे. आणि या महिन्यात पुन्हा चढायला लागलाय.

२१ जून, शनिवार

विचारायला नको होतं.

मी सरळ लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये गेले. म्हटलं, महेशभाई, हे ऑगस्टचं काय आहे, यामुळे माझा पूर्ण हंगाम बिघडतोय. त्यांनी बघितलं. मग हसले – फक्त ओठांनी.

"आने काढी नाख, बेन. ए टूरिस्ट नथी."

हे काढून टाक? टूरिस्ट नाहीत? मग कोण आहेत? हे मी तोंडाने विचारलं नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. त्यांनी उठून केबिनचं दार लोटून घेतलं. कामाला जातात म्हणाले, चांगली कंपनी आहे, टूरिस्ट म्हणून गेलं की झटपट जाता येतं, सगळेच तसं करतात. मग म्हणाले, "तुझं काम सहलींचं. तेवढंच मोज."

घरी येताना बसमध्ये माझा स्टॉप निघून गेला तरी कळलं नाही.

२३ जून, सोमवार

आज एक बाई आल्या. सरलाबाई. अंगावर धुवट पातळ, हातात मोबाइल घट्ट धरलेला, जसं कुणी हिसकावून घेईल. बाहेरच्या टेबलावर छाया असते, तिने "साहेब नाहीत" सांगितलं. साहेब आतच होते. बाई तीनदा विचारून जिन्याकडे वळल्या. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने मागे गेले.

मी अहिराणीत बोलले तशा त्या जिन्यातच मटकन बसल्या.

"मना गोपाल आठूनच गया व्हता, माय. गया सालनी आखाडीले. दिवायीले येसू सांगी गया. दिवायी गयी, अखाजी बी गयी."

दिवाळी गेली, अक्षय्यतृतीयेची अखाजीही गेली, तो आलाच नाही. इथूनच गेला होता, मागच्या वर्षी आखाडात. म्हणजे जुलै. म्हणजे तो माझ्या उंचवट्यात आहे.

मग त्यांनी मला मोबाइलवर गोपालचा आवाज ऐकवला. कुजबुजत बोलतो. बाथरूममध्ये असावा, मागे नळ चालू. "माय, आठे कंपनी-बिंपनी काही नही. लोकेसले फोनवर फसाडाले बसाडतस. नही करं तं मारतस. पासपोर्ट त्यासनी काढी लिना. कोनले सांगू नको." लोकांना फोनवर फसवायला बसवतात, नाही केलं तर मारतात, पासपोर्ट काढून घेतलाय. एवढंच. मग दार वाजल्याचा आवाज, आणि संपलं.

बँकॉकला उतरवतात आणि तिथून गाडीत घालून सीमेपलीकडे नेतात. हे सरलाबाईंना त्याने आधीच्या एका फोनवर सांगितलं होतं. त्या देशाचं नावसुद्धा त्यांना नीट घेता येत नाही. मला म्हणाल्या, "तू आठे काम करस ना? तुले माहित असीन, तो कव्हय येई?"

तो कधी येईल, मी काय सांगू? मी म्हटलं, बघते. बघते!! काय बघणार आहे मी?

२४ जून, मंगळवार

आज छायाशी बोलले. ती इथे माझ्याआधीपासून आहे. दोन मुली आहेत, नवरा दारूत. मी गोपालचं नाव काढताच तिने इकडेतिकडे बघितलं.

मी विचारलं, या पोरांची परतीची तिकिटं असतात ना?

असतात म्हणाली. दाखवावी लागतात ना एअरपोर्टवर, परतीचं तिकीट नसेल तर टूरिस्ट कसला! पण कुणी वापरत नाही. न वापरलेल्या तिकिटाचा टॅक्स परत मागता येतो, तो ऑफिस मागवून घेतं. महेशभाई दमडी सोडत नाहीत.

म्हणजे कोण परत आलं, कोण नाही, ते मोजता येतं.

"तू नको मोजू," छाया म्हणाली. "मी सांगते ना. तू फक्त सरासऱ्या काढ. तुझं लग्न व्हायचंय अजून."

मी मोजलं. दिवाळीला गेलेले – एक म्हातारे काका तिकडे आजारी पडले होते ते सोडून सगळे परत. मेमधले सगळे परत. उंचवट्यातले –

दहातले नऊ आले नाहीत.

हे लिहिताना अक्षर बिघडतंय. आई विचारतेय काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं.

२६ जून, गुरुवार

देवा.

किरण जाणार आहे. माझा किरण.

जेवताना सांगितलं त्याने, ताटात बघत. दहा जुलैला. बँकॉक. "काम आहे थोडं, कंपनीकडून." कुठली कंपनी? तो मोबाइलच्या दुकानात बसतो, पोरांचे पासपोर्टचे अर्ज ऑनलाइन भरून देतो, रिचार्ज मारतो. बावीस वर्षांचा आहे. बावीस!

आबा खूश. जन्मभर मिलमध्ये रंगाच्या कुंडात हात घालून उभे राहिले, नखं अजून निळी आहेत. पोरगा विमानात बसणार. आईने लगेच शेजारच्या नूतनकाकूंना हाक मारून सांगितलं.

मी विचारलं, तिकीट कुठून काढलं? किरण म्हणाला, "तुझ्याच ऑफिसातून. का गं?"

उठून बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिले. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. प्रत्येकाचं वय मनात मोजत होते.

२७ जून

काहीही सुचत नाही. नुसती भीती.

२८ जून, शनिवार

महेशभाईंनी बोलावलं. अहवाल छान झालाय म्हणाले. मग सहज, पेन टेबलावर ठेवत –

"किरण तारो ज भाई ने?"

हो, माझाच भाऊ, म्हटलं.

"डाह्यो छोकरो छे." शहाणा मुलगा आहे. आणि माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

त्यांना माहीत आहे मी काय मोजलं. माझा भाऊ त्यांच्या हातात आहे असं सांगत होते का? गप्प बस, नाहीतर? की गप्प बसले तर त्याला सोडतील? सोडतील का? मला त्या माणसाच्या डोळ्यांतलं काहीच वाचता आलं नाही. बाहेर आले तेव्हा छाया मान खाली घालून टाइप करत होती.

२९ जून, रविवार

घरी सगळे होते. बोलायची हिंमत झाली नाही. किरण नवी बॅग घेऊन आला. मी त्या बॅगेकडे बघू शकत नव्हते.

१ जुलै, मंगळवार

बोलले.

किरणला गच्चीवर नेलं. कपडे वाळत होते, पाऊस थांबून थांबून येत होता. मी सगळं सांगितलं. दिवाळी, मे, पावसाळ्यातला उंचवटा. सगळी आपलीच पोरं. दहातले नऊ परत नाहीत. गोपालचा आवाज. नळाचा आवाज. पासपोर्ट.

आधी हसला. "ताई, तू आकड्यांत वेडी झालीस. पोरांना चांगलं काम लागलं म्हणून येत नसतील. पैसे मिळत असताना कोण परत येतं?"

मी म्हटलं, मग ते दिवाळीला तरी का आले नाहीत? अखाजीला तरी का नाही? खान्देशचा माणूस दुबईहून येतो अखाजीला!

तेव्हा त्याचं हसू गेलं.

"गोपाल म्हणजे कोणता गोपाल?" त्याने विचारलं.

सरलाबाईंचा, म्हटलं. हाऊसिंग कॉलनीजवळ राहतात त्या. वडील नाहीत त्याला.

त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. कठड्याला धरून खाली बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, घाबरू नको, तू अजून इथेच आहेस. तुला नाही जाऊ देणार.

पाऊस पुन्हा आला तरी उठला नाही.

२ जुलै, बुधवार

आबांना सांगितलं. चुकलंच.

"तुले काय समजस त्यामा? आकडा काय, आज असा, उद्या तसा." मग आवाज चढवून, "पोरगा पुढे चालना तं तुले पोटमा दुखस!"

आईने मात्र विचारलं, "मारतस म्हणजे कसं मारतस?" मी सांगितलं नाही.

किरण दोघांच्या मध्ये बसला होता. माझ्या बाजूने एक शब्द नाही. त्यांच्या बाजूनेही नाही.

४ जुलै, शुक्रवार

आजारी आहे म्हणून ऑफिसला कळवलं आणि पोलीस ठाण्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. गेटवरून दोनदा परत फिरले. प्रत्येक उभी असलेली गाडी महेशभाईंची वाटत होती.

बाई अधिकारी होत्या, चाळिशीच्या. लॅपटॉप उघडून मी समजावायला लागले – शंभर म्हणजे सरासरी, हा निर्देशांक, हा मध्यक. किरणच्या तिकिटाचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. चहा मागवला. मग म्हणाल्या,

"बेन, ॲव्हरेजनी फरियाद न लखाय. माणस लावो."

सरासरीची तक्रार लिहून घेता येत नाही. माणूस आणा. ज्याचं कुणी गेलंय असं कुणीतरी.

मला राग आला आधी. इतकं सगळं स्पष्ट दिसतंय! पण दारापर्यंत पोचवायला आल्या त्या. हळू आवाजात म्हणाल्या, कुणाला सांगू नका इथे आला होतात ते. भावाला एकटं सोडू नका. आणि लवकर आणा.

म्हणजे त्यांनाही कशाची तरी भीती वाटते. त्याने मला जास्तच भीती वाटली.

५ जुलै, शनिवार

सरलाबाईंचं घर शोधलं. एक खोली. भिंतीवर गोपालचा दहावीचा फोटो, कॅमेऱ्याला घाबरल्यासारखा. त्या साड्यांना टिकल्या लावत होत्या, बोलताना हात थांबला नाही.

ठाण्यात चला म्हटलं तर नाही म्हणाल्या. पोलीस गेले तर तिकडे त्याला मारतील. कोणाला सांगू नको म्हणालाय ना तो.

खरंच मारलं तर? माझ्या आकड्यांत याचं उत्तर नाही. मला एवढंच माहीत आहे की जे गप्प बसले त्यांची पोरंही आली नाहीत. तेच सांगितलं. मग किरणचं सांगितलं – दहा तारखेला माझा भाऊ चाललाय.

तेव्हा हात थांबला. माझ्याकडे बघितलं त्यांनी.

"तुना भाऊ बी?"

मग उठल्या, सुई-दोरा डब्यात ठेवला, डोक्यावर पदर घेतला. "चाल."

मी म्हटलं, आज नको, सोमवारी, त्या बाई असतील तेव्हा. त्यांनी पदर तसाच ठेवला. मी निघेपर्यंत.

७ जुलै, सोमवार

तक्रार झाली. दुपारपर्यंत बसलो. गोपालचा आवाज त्या खोलीत पुन्हा वाजला. सगळे लिहायचे थांबले. नळ, कुजबुज, दार. मी कानांवर हात ठेवले, सरलाबाईंनी नाही ठेवले. त्या प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकतात.

मग माझे आकडे मागितले. आता लागतात म्हणाल्या त्या बाई. एक माणूस मिळाला की बाकीचे शोधायला आकडे लागतात.

मी दिले.

८ जुलै, मंगळवार

ऑफिसला कुलूप. महेशभाईंचा फोन बंद. छायाचा मेसेज – "काय केलंस तू हे." पुढे काही नाही. तिच्या मुली आठवल्या.

दुपारी कुणीतरी आमच्या दारावर थाप मारली. आई उघडायला निघाली, मी तिचा हात धरून ओढला. बांगडी फुटली तिची. गॅसवाला होता.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. पण दाराला आतून दुसरी कडी लावली त्यांनी स्वतः.

९ जुलै, बुधवार

पोलिसांनी महेशभाईंना कामरेजजवळ गाडीत पकडलं म्हणे. नूतनकाकूंच्या मोबाइलवर बातमी आली. ठाण्यातून त्या बाईंचाही फोन आला. गोपालचं नाव आणि बाकी सगळ्यांची नावं दिल्लीला पाठवलीत, तिकडची आपली वकिलात शोध घेईल. किती दिवस लागतील सांगता येत नाही. आणखी एक म्हणाल्या – महेशभाई एकटे नाहीत. गल्ल्यांमधून पोरं गोळा करून आणणारी माणसं आहेत, त्यांची नावं काढतोय. सांभाळून राहा.

आमच्या गल्लीत कोण असेल? आज पाणी भरायला गेले तर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. दत्तू रिक्षावाला? कोपऱ्यावरचा पानवाला? ज्याला आम्ही रोज काका म्हणतो त्यांच्यातलाच कुणी? मला आता कुणाचीच खात्री नाही. घराबाहेर पाऊल टाकवत नाही.

किरणने दोन दिवस काही खाल्लं नाही. बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले. आईने विचारलं तर फक्त "नही जास" म्हणाला. उद्या दहा. उद्याचा दिवस एकदा गेला की झालं. मग तो वाचला.

१० जुलै, गुरुवार

किरण गेला नाही.

सकाळी आंघोळ करून माझ्यासमोर येऊन बसला. आई-आबा देवळात गेले होते. मग म्हणाला –

"ताई, तो ऑगस्टचा उंचवटा... तो मी आहे. त्यातली आपल्या गल्लीतली सगळी पोरं मीच नेली महेशभाईकडे. गोपाललाही. मला खरंच वाटलं होतं काम आहे. आज मी राहायला जात नव्हतो, ताई. दुसरी पोरं पोचवायला जात होतो."

मी ओरडले नाही. ठाण्यात यायला तो कधी चपला घालून दारात उभा राहिला ते मला दिसलंच नाही.

जिन्यात आई भेटली, हातात प्रसाद. कुठे निघालात म्हणून विचारलं तिने.

"कथा चालनात रे दोन्ही?"